शेजारी बसणाऱ्याचे दोषांक

डाव्या हाताचा अंगठा स्टिअरिंगच्या कडेवर, बाकीच्या बोटांपासून जरा फटकून. वळण संपायच्या आधीच पकड सैल. ब्रेकवर पाय आधी हलका, मग पूर्ण.

*

कुंभार्ली घाटात एका माकडाने उभ्या रुग्णवाहिकेचा वायपर उपटला आणि दरीत फेकून दिला. त्याला तो खायचा नव्हता.

*

नंबरप्लेट रंगवणाऱ्या शेवटच्या दुकानात आता बंगल्यांच्या नावाच्या पाट्या मिळतात.

*

"सपकाळच्या आईने लसणाची चटणी दिली आहे. घे की. फार तिखट नाही."

*

इचलकरंजीच्या एका गृहस्थांना कळलं, की बायकोला गाडी चालवण्यातल्या चुकीचा दोषांक अमुक चौकात लागला. त्या चौकात एकच इमारत होती आणि ते लॉज होतं. पुढे काय झालं ते वर्तमानपत्रांत आलं. तेव्हापासून दोषांकाच्या सूचनेत चूक काय ती सांगतात, चौक आणि वेळ सांगत नाहीत.

*

शून्य. काळ्या चौकटीत, काचेमागे, प्रयोगशाळेच्या भिंतीवर.

दोषांक : तीन

हा शून्य डॉ. सौमित्र पाटणकरचा होता. कराडच्या चालन संशोधन केंद्रात येणाऱ्या पाहुण्यांना तो आधी हा शून्य दाखवायचा आणि मग यंत्र.

यंत्र त्यानेच उभं केलं होतं. पूर्वी रस्त्यावरचे कॅमेरे गाडीचा नंबर वाचत आणि दंड मालकाला होई, चालवणारा भाचा असो की ड्रायव्हर. सौमित्रने नंबर वाचणं बंद केलं आणि हात वाचायला सुरुवात केली. प्रत्येक माणूस गाडी आपल्या पद्धतीने चालवतो. स्टिअरिंग किती वळवून किती सोडतो, ब्रेकवर पाय कसा टेकवतो, गती कशी वाढवतो, यांची एक गुंफण असते. त्याने तिला चालनठसा म्हटलं. गाडी कोणाचीही असो, ती चालते कशी हे पाहून यंत्र ठसा ओळखतं आणि चुकीचे दोषांक त्या ठशाच्या माणसाच्या परवान्यावर चढतात. बारा झाले की परवाना रद्द.

यंत्रात नोंदलेला सगळ्यात पहिला ठसा सौमित्रचा होता. तो मानक. बाकीच्यांचे ठसे त्यांच्या रोजच्या चालवण्याबरोबर ताजे होत राहत, कारण माणसाचे हात वयाने, दुखण्याने, सवयीने बदलतात. मानकाला मात्र कोणी हात लावायचा नाही, असा नियम त्याने केला होता. मोजपट्टीच वाढायला लागली तर मोजायचं कशाने, असं तो म्हणे आणि लोक हसले की त्याला बरं वाटे.

तर, बायकोला पहिले तीन दोषांक लागले तेव्हा त्याला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर जरा गंमतच वाटली.

"स्टॉपलाइन ओलांडून थांबणे," त्याने सूचना मोठ्याने वाचली. "वा, ऋजुताबाई!"

"मी नाही ओलांडली."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणत असतील. मी नाही ओलांडली, सौमित्र." ऋजुता डबा भरत होती. "घाटात एक हात पुढे थांबले तर मी चिपळूणला रस्त्याने नाही, सरळ खाली पोचेन. मला थांबायचं कुठे ते कळतं."

ती गेल्या उन्हाळ्यापासून घाटातली रुग्णवाहिका चालवत होती. बाकी रस्त्यांवर विनाचालक गाड्या सर्रास धावत. पण घाटातलं धुकं, दरडी आणि गुरं यांच्यापुढे त्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहत, म्हणून तिथे माणूसच लागे, आणि तोही स्वच्छ परवान्याचा. त्याआधी अकरा वर्षं ती एका औषध कंपनीत हिशेब बघत होती आणि रोज जाताना सौमित्रला केंद्रावर सोडत होती. ती चालवायची, तो शेजारी लॅपटॉप उघडून बसायचा. आता ती पहाटे निघे आणि तो केंद्राची करड्या रंगाची गाडी स्वतः चालवत जाई.

या नव्या नोकरीबरोबर घरात एक नाव आलं होतं. विक्रांत सपकाळ. तिच्या गाडीवरचा प्रथमोपचारक. सपकाळ असं म्हणाला. सपकाळने पोफळी गावाजवळ गाडी थांबवून बाळंतीण सोडवली. सपकाळला शिट्टीवर सगळी जुनी गाणी येतात.

सौमित्रला शिट्टी वाजवता येत नव्हती. या गोष्टीचं त्याला यापूर्वी कधी काही वाटलं नव्हतं.

दोषांक : सहा

डावीकडून ओलांडणे.

"बाई, यंत्र चुकू शकतं का?" त्याने विचारलं.

डॉ. यमुना केळशीकर त्याच्यापेक्षा वयाने मोठ्या आणि केंद्रातही जुन्या. ठशांवर काळाचा आणि संगतीचा काय परिणाम होतो हा त्यांचा विषय. त्या चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत होत्या.

"तुमचं यंत्र? तुम्हीच विचारताय?"

"कपाळावर आहे."

"हां. यंत्र चुकत नाही, पाटणकर, पण ते माणूसही ओळखत नाही. समोरच्या चालवण्याला सगळ्यात जवळचा असा नोंदलेला ठसा शोधतं आणि त्याचं नाव लिहून मोकळं होतं. दोन ठसे सारखेच जवळ असतील तर दोघांनाही दोषांक. नियम तुमचाच आहे."

"म्हणजे ऋजुतासारखं चालवणारं दुसरं कोणी असेल तर..."

"तर तिला लागतील. पण तसं कोणी सहज सापडत नाही. जन्मतः दोन ठसे सारखे नसतात. ते सारखे होतात."

"कसे?"

"शेजारी बसून." बाईंनी चष्मा खाली घेतला. "तुम्ही कोणाच्या गाडीत शेजारी बसलात आणि समोरून ट्रक आला, तर तुमचा पाय काय करतो?"

"दाबला जातो."

"काय दाबता? तिथे ब्रेक असतो का?"

सौमित्रने टेबलाखाली आपल्या पायाकडे पाहिलं.

"तिथे नुसती रबराची चटई असते. तरी पाय दाबला जातो. शेजारी बसलेला माणूस सबंध वेळ आतल्या आत गाडी चालवत असतो. तीसुद्धा दुसऱ्याच्या पद्धतीने, कारण समोर तीच दिसत असते. वर्षभराने ती पद्धत त्याच्या स्नायूंत उतरते. मी याला सहप्रवास-संसर्ग म्हणते. गाढ झोपणाऱ्याला तो होत नाही. वाद घालत बसणाऱ्यालाही कमी होतो. लक्ष लागतं. ज्याचं चालवणाऱ्याकडे लक्ष आहे, त्याचे हात हळूहळू चालवणाऱ्याचे होतात."

"किंवा उलट," सौमित्र म्हणाला.

"किंवा उलट. किंवा दोन्ही. नव्या जोडप्यांत मला फार सुंदर आलेख मिळतात." त्या हसल्या. "आणि मग पाचसात वर्षांनी ते आलेख सपाट होतात, तेही मिळतात."

जागेवर जाता जाता सौमित्र भिंतीवरच्या शून्याखाली थांबला.

हिशेब सरळ होता. कोणीतरी ऋजुताच्या हातांनी गाडी चालवत होतं. तो माणूस तिच्या शेजारी बसला होता आणि तिच्याकडे लक्ष देऊन बसला होता. तो माणूस सौमित्र असता, तर सहापैकी सहा त्याच्याही नावावर चढले असते. त्याच्या नावावर शून्य होता.

अकरा वर्षं तो त्या सीटवर बसला. रोज, जाताना आणि येताना. त्या अकरा वर्षांचा त्याच्या हातांवर एक ओरखडाही उठला नव्हता. आणि कोण तो शिट्टी वाजवणारा, गेल्या उन्हाळ्यात आला आणि जुळूनही गेला!

आयुष्यात पहिल्यांदा त्याला दोषांकाचा हेवा वाटला. एक तरी यायला हवा होता. एक. स्टॉपलाइनचा का होईना.

(मधेच, रविवारी, बाजारात जाताना)

ती चालवत होती. तो शेजारी होता आणि आज लॅपटॉप घरी होता.

"हे कुठून आलं?"

"काय?"

"वळताना डावा खांदा खाली घेतेस."

"घेते?"

"पूर्वी घेत नव्हतीस."

"घाटात घ्यावा लागतो. सवय झाली असेल."

"सपकाळ घेतो का?"

ऋजुताने सिग्नलला गाडी थांबवली. आधी हलकी, मग पूर्ण. स्टॉपलाइनच्या बरोबर मागे. मग तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"बोल. काय विचारायचंय ते नीट विचार."

"रुग्णवाहिकेत तुझ्या शेजारी कोण बसतं?"

तिचा चेहरा आधी हसू येईल असा झाला आणि मग ते हसू आलंच नाही.

"ये एकदा घाटात. बघ."

"सांगायला काय होतं?"

"सांगणार नाही. अकरा वर्षांत तू मला कधी विचारलं नाहीस, की ऑफिसात शेजारी कोण बसतं. आता विचारतोयस, तर उठून ये आणि बघ."

तो गेला नाही. केंद्रातून अर्धा दिवस रजा काढली की झालं असतं. पण गेलं तर दिसलं असतं, आणि दिसलं की संपलं असतं. न जाता त्याला हवं ते दिसत होतं. धुक्यातून वर चढणारी गाडी, पुढच्या काचेमागे दोन डोकी, कोणाची तरी शिट्टी, आणि वळणावर एकदमच खाली जाणारे दोन डावे खांदे.

सोमवारी केंद्रावर जाताना हेच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे होतं. चौकात एक म्हातारे गृहस्थ झेब्रा क्रॉसिंगवर टाकलेलं पाऊल मागे घेऊन उभे राहिले आणि 'जा बाबा, तूच जा' असा हात त्यांनी केला. सौमित्रला वाटलं, माणूस सभ्य आहे. त्याने मान लववून आभार मानले आणि पुढे गेला.

दोषांक : नऊ

पादचाऱ्यास वाट न देणे.

या वेळी सूचना वाचून ऋजुता गच्चीत गेली आणि बराच वेळ कपडे वाळत घालत राहिली. तीन राहिले होते. आणखी एक चूक, कोणाचीही, आणि घाट बंद. औषध कंपनीतल्या जागेवर केव्हाच दुसरी मुलगी आली होती. पण तो प्रश्न नव्हता. ती खाली आली तेव्हा म्हणाली, "मला पहिल्यांदाच एखादं काम येतंय, सौमित्र. म्हणजे पूर्ण येतंय. ते जाईल."

"नाही जाणार. मी सुनावणी लावतो."

"खरंच?"

"त्या माणसाला समोर आणतो," तो म्हणाला, आणि ऋजुताच्या चेहऱ्यावर आलेली कृतज्ञता थोडी मागे सरकली.

अर्ज त्यानेच लिहिला. कायदा असा होता, की दोषांक आपला नाही एवढं म्हणून भागत नाही. ज्याचा आहे त्याचा ठसा हजर करावा लागतो. तिसऱ्या कलमात त्याने विक्रांत सपकाळ यांना ठसा देण्यासाठी बोलवावं अशी मागणी केली. चौथं कलम लिहिताना त्याला इतका आनंद झाला, की ते त्याने दोनदा वाचलं:

*४. ज्या व्यक्तीचा ठसा परवानाधारकाच्या ठशाशी जुळल्याचे सिद्ध होईल, त्या व्यक्तीस परवानाधारक चालवत असलेल्या कोणत्याही वाहनात, पुढे वा मागे, बसण्यास मनाई करावी; दोन्ही ठसे पुन्हा वेगळे होईपर्यंत.*

केळशीकरबाईंनी अर्ज पाहिला. "चौथं कलम शास्त्राला धरून आहे," त्या म्हणाल्या. "वास मात्र शास्त्राचा येत नाही."

सुनावणी

दोषांक अधिकारी बाबर साहेब जाडजूड आणि प्रसन्न गृहस्थ होते. त्यांच्या खोलीच्या मधोमध आभासी गाडी होती: एक सीट, स्टिअरिंग, पायाखाली पेडल आणि समोर पडद्यावर रस्ता. बाजूच्या लहान पडद्यावर यंत्र नाव लिहिणार. टेबलावर एक मोहोरबंद पाकीट होतं. त्यात तीन चुकांच्या जागा आणि वेळा.

"पाकीट शेवटी," बाबर म्हणाले. "ठसा जुळला तर उघडायचं, नाहीतर तसंच जाळायचं. इचलकरंजीचं प्रकरण माहीत आहे ना? डोक्याला ताप झाला होता आमच्या."

विक्रांत सपकाळ आला. सौमित्रने कल्पिला होता त्याहून बुटका आणि तरुण. हातात हेल्मेट, शर्टाच्या खिशाला आयोडिनचा डाग. त्याने आधी ऋजुताला "ताई, जेवलात का?" विचारलं आणि मग वाकून म्हणाला, "नमस्कार, दाजी."

दाजी! सौमित्रने नमस्काराला नुसतीच मान हलवली.

सपकाळ आभासी गाडीत बसला. पडद्यावरचा रस्ता सुरू झाला. पहिल्याच वळणाला त्याने स्टिअरिंग असं ओढलं, की बाबर खुर्ची धरून बसले.

"अहो, रेडा हाकताय का?"

"साहेब, मी मोटरसायकलवाला. चारचाकीचं लायसन नुसतं असावं म्हणून काढलंय."

बाजूच्या पडद्यावर नाव आलं: विक्रांत सपकाळ. जवळपासही दुसरं कोणी नाही.

"झालं," बाबर म्हणाले. "हे नव्हेत."

"शक्य नाही," सौमित्र उभा राहिला. "यंत्र नीट लावलेलं नाही. मानकावर जुळवून घेतलं होतं का?"

"सकाळीच घेतलं, फाइलवरून."

"फाइलवरून नको, प्रत्यक्ष घ्या. मानक मी आहे. मी बसतो. माझं नाव आलं नाही, तर यंत्र बिघडलंय हे इथल्या इथे सिद्ध होईल आणि या गृहस्थांना परत बसवावं लागेल."

केळशीकरबाई तज्ज्ञ म्हणून कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

सौमित्र बसला. त्याने सीट पुढे घेतली, हात ठेवले, रस्ता सुरू झाला. तो सावकाश, समोरच्याला शिकवावं तसा चालवत राहिला. एक वळण, दुसरं वळण, एक सिग्नल. ब्रेक आधी हलका, मग पूर्ण. गाडी थांबली तेव्हा पडद्यावरची पांढरी रेघ चाकांच्या मागे राहिली होती.

यंत्राने नाव लिहिलं: ऋजुता पाटणकर.

"बघा!" सौमित्र जवळजवळ आनंदाने ओरडला. "बिघडलंय! मी तुम्हाला सांगत होतो!"

बाबरांनी केळशीकरबाईंकडे पाहिलं.

"परत," केळशीकरबाई हळूच म्हणाल्या.

त्याने परत चालवली. ऋजुता पाटणकर. तिसऱ्यांदा त्याने मुद्दाम वेगळी चालवायचा प्रयत्न केला. पण माणसाला आपले हात वेगळे करता येत नाहीत, हे त्याच्याच प्रबंधाचं पहिलं प्रकरण होतं. ऋजुता पाटणकर.

"मानक ठसा तुम्ही बारा वर्षांपूर्वी दिलात, पाटणकर," बाई म्हणाल्या. "लग्नाच्या आधी. आणि त्याला कुलूप घातलंत. सगळ्यांचे ठसे ताजे होत गेले, तुमचा तेवढा झाला नाही. आज तुम्ही रस्त्यावर चालवता, तेव्हा यंत्र तुम्हाला तुमच्या नावाखाली शोधतं आणि तिथे त्याला एक जुना तरुण सापडतो. तो तुम्ही नाही. मग ते सगळ्यात जवळचं दुसरं कोण ते बघतं."

बाबरांनी पाकीट फोडलं. त्यांनी कागद वाचला, ऋजुतापुढे धरला आणि तिने मान हलवल्यावर मोठ्याने सांगितलं. तिन्ही चुका एकाच चौकात झाल्या होत्या. चालन संशोधन केंद्राच्या दारासमोरच्या. तिन्ही वेळा ऋजुता चिपळूणच्या बाजूला, घाटाखाली होती.

सौमित्र अजून सीटवरच होता. त्याला ते म्हातारे गृहस्थ आठवले. सभ्य नव्हते ते, घाबरले होते.

"तर," बाबरांनी पेन उघडलं, "ताईंचे नऊ उतरले. डॉक्टरसाहेब, ते तुमच्यावर. तुमचा आजचा ठसा नोंदवून घेतो. आणि कलम चार..." ते थांबले. वाचून त्यांनी भुवया वर केल्या. "मंजूर करावं लागेल."

"ते मी... ते माझ्यासाठी नव्हतं," सौमित्र म्हणाला.

"कोणासाठी होतं ते लिहिलेलं नाही. 'ज्या व्यक्तीचा ठसा जुळेल.' तुमचा जुळला. आता तुमचा ताजा ठसा नोंदला, की दोघे सारखेच जवळ. तुम्ही चुकलात की दोघांना लागणार. ताईंनी तुमच्या चुकांपायी घाट सोडायचा का?"

"मी चालवणंच सोडतो. परवाना परत करतो."

"परवाना परत केलात की तुमचा ठसा यंत्रातून निघणार," बाई म्हणाल्या. "मग जवळचा ठसा एकच उरतो."

"पण मी चालवणारच नाही!"

"साहेब, इथे येणारा प्रत्येक जण तेच सांगतो," बाबर म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. "हात तर तुमच्याकडेच राहणार. ठसे वेगळे होऊ द्या. एकट्याने चालवा, विनाचालक गाडीने जा, बसने जा. त्यांच्या गाडीत मात्र नाही. पुढे नाही, मागे नाही."

त्यांनी सही केली.

दोषांक : शून्य (ऋजुता)

खाली आल्यावर सवयीने तो गाडीच्या डाव्या दाराशी गेला आणि हात दारावर ठेवून थांबला. ऋजुता छताच्या पलीकडे उभी होती.

"मला वाटायचं, तू अकरा वर्षं लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलायस," ती म्हणाली. "सगळी अकरा वर्षं मला वाटायचं, शेजारी कोणीच नाही. बघत होतास तर."

"माहीत नव्हतं मला."

"हो ना. मलाही नाही. यंत्राला विचारावं लागलं." ती दार उघडून आत बसली आणि काच खाली केली. "घरी ये. जेवायला थांबते."

"ऋजू, आता शेजारी कोण..."

त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं, पण तिने ते ऐकलं होतं. तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते पुरं करण्याची त्याची हिंमत झाली नाही. मग डावा खांदा किंचित खाली घेऊन ती वळली आणि निघून गेली. मागच्या काचेतून शेजारची रिकामी सीट कोपऱ्यापर्यंत दिसत राहिली. तिथे कोणी नव्हतं, आणि उद्या कोणीही बसू शकेल. एक माणूस सोडून कोणीही.

पाठीमागे मोटरसायकल सुरू झाली.

"दाजी, स्टँडपर्यंत सोडू का?"

सौमित्रला नाही म्हणायचं होतं. पण स्टँड लांब होतं आणि ऊन चढलं होतं. तो मागे बसला. सपकाळ शिट्टी वाजवत निघाला, आणि पहिल्या सिग्नलपर्यंत सौमित्र त्याच्या हातांकडे पाहायचं टाळत राहिला.

*

घाटातल्या रुग्णवाहिकेत चालकाच्या शेजारी सीट नव्हती. गाडी कराडला आली तेव्हाच ती काढून त्या जागी ऑक्सिजनच्या टाक्या बसवल्या होत्या.